घडी आणि कात्री : चार आकड्यांची खिडकी



आजचा पाठ आयताचा आहे. पण या वेळी सुरुवात पुस्तकातून नाही, माझ्या एका चुकीतून झाली. ती चूक आधी सांगते, मग गणिताकडे वळू.

आमच्या वर्गाचं एक छोटंसं पान मी इंटरनेटवर चालवते. मुलांची चित्रं, स्वाध्याय, सूचना असं त्यावर टाकते. एकदा चित्रकला स्पर्धेत भाग घेतलेल्या मुलांची यादी टाकायची होती. यादी माझ्या वहीत होती. वहीच्या पानावर वर मुलांची नावं आणि खाली पालकांचे मोबाइल नंबर. मी अख्ख्या पानाचा फोटो काढला आणि नंबरांचा भाग दिसू नये म्हणून पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये एक ओळ लिहिली. तिनं फोटोचा ठराविक आयतच दिसतो, बाकीचा दिसत नाही. पान उघडून बघितलं. नावं दिसत होती, नंबर दिसत नव्हते. मी खूश!

संध्याकाळी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. म्हणाले, "मॅडम, तुमच्या पानावरचा फोटो पोरानं बोटानं दाबून धरला आणि नव्या पानात उघडला. आता सगळ्यांचे नंबर दिसायलेत बघा."

मी लगेच फोटो काढून टाकला आणि सगळ्या पालकांची माफी मागितली. पण प्रश्न मनात राहिला. मी तर तो भाग कापला होता ना? मग तो परत आला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक जुनी विद्यार्थिनी मदतीला आली. ती आता इंजिनिअरिंगला आहे. तिच्या शेजारी बसून ब्राउझरच्या आतलं कोड थोडंफार वाचलं. वाचताना लक्षात आलं की आपण चौथी-पाचवीत शिकवतो तेच तिथे आहे : आयत, चार बाजू, कुठून मोजायचं, आणि शून्य म्हणजे काय. म्हणून हा पाठ.

घडी की कात्री?

सोलापूरच्या चादरीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. फळीवर चादरी घडी घालून ठेवलेल्या असतात. घडीच्या वरच्या भागात एखादं फूल किंवा मोर दिसतो. आपल्याला दिसते चौथाई चादर, पण चादर पूर्ण असते. घडी उलगडली की काठापासून काठापर्यंत सगळी समोर. कात्रीनं कापलेला तुकडा मात्र वेगळा. तो कितीही उलगडला तरी तेवढाच राहतो.

ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारखा प्रोग्रॅम, ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं बघतो. पानाचा रंग, अक्षरांचा आकार, चित्रांची जागा हे सगळं सीएसएस नावाच्या भाषेत लिहिलेलं असतं. त्या भाषेत 'क्लिप' नावाचा एक गुणधर्म आहे. क्लिप म्हणजे कापणं, पण प्रत्यक्षात तो घडी घालतो. चित्र पूर्णच्या पूर्ण मोबाइलमध्ये उतरतं. मग ब्राउझर त्यावर एक आयताकृती खिडकी ठेवतो आणि खिडकीतलं तेवढंच रंगवतो. खिडकीबाहेरचं रंगवत नाही, पण टाकूनही देत नाही.

माझी चूक इथे होती. मी घडी घातली आणि कात्री चालवली असं समजले.

चार आकडे कुठून मोजायचे?

खरं तर त्या दिवशी माझी एक चूक आधीच झाली होती. ती मजेशीर आहे आणि वर्गात शिकवायला फार उपयोगी आहे.

सोपे आकडे घेऊ. समजा, फोटो ४०० रुंद आणि ३०० उंच आहे. मोजमाप पिक्सेलचं, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचं. मला वरून ५०, उजवीकडून ४०, खालून ६० आणि डावीकडून ३० झाकायचे आहेत. म्हणून मी रेक्ट या शब्दापुढे आकडे दिले : ५०, ४०, ६०, ३०. रेक्ट म्हणजे रेक्टँगल, आपला आयत.

माझा हिशोब असा होता :
रुंदी = ४०० − ३० − ४० = ३३०
उंची = ३०० − ५० − ६० = १९०

पण पडद्यावर ३३० बाय १९० ची खिडकी आलीच नाही. फोटो गायब! नीट बघितलं तर एक बारीकसा चौकोनी ठिपका तेवढा दिसत होता. मोजला तर १० बाय १०.

माझ्या विद्यार्थिनीनं बघितलं आणि हसली. "बाई, तुम्ही प्रत्येक आकडा त्या त्या बाजूपासून मोजला. ब्राउझर चारही आकडे वरच्या आणि डाव्या कडेपासूनच मोजतो."

म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीनं उजवी बाजू डाव्या कडेपासून ४० वर आहे आणि डावी बाजू ३० वर. रुंदी ४० − ३० = १०. खालची बाजू वरच्या कडेपासून ६० वर आणि वरची बाजू ५० वर. उंची ६० − ५० = १०. झाला १० बाय १० चा ठिपका!

मला हवी ती खिडकी मिळवायची तर आकडे असे हवे होते : ५०, ३६०, २४०, ३०. तपासून बघा. ३६० − ३० = ३३० आणि २४० − ५० = १९०.

आता यातली गंमत. माझ्यासारखाच विचार खुद्द नियम लिहिणाऱ्यांनीही केला होता. १९९८ साली सीएसएसची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात लिहिलं होतं की चारही आकडे आपापल्या बाजूपासून मोजायचे. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी प्रत्यक्षात सगळे आकडे वरून आणि डावीकडून मोजले. लोकांनी त्याच हिशोबानं पानं बनवली. मग नियम खरा की वापर खरा? पुढे २.१ या सुधारित आवृत्तीत नियमच बदलला आणि सध्याचे ब्राउझर जसं मोजतात तसंच मोजायचं असं ठरलं. ही सुधारित आवृत्ती २०११ साली अंतिम झाली.

आपण मुलांना नेहमी सांगतो, "नुसता आकडा लिहू नका, एकक लिहा." यापुढे मी आणखी एक वाक्य जोडणार आहे : "कुठून मोजलं तेही लिहा." शाळा ३ किलोमीटरवर आहे, पण कुठून? एसटी स्टँडपासून की सात रस्त्यापासून? आरंभबिंदू ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. संख्यारेषेवर आपण शून्य कुठे ते आधी ठरवतो, ते याचसाठी.

नंतर सीएसएसमध्ये 'क्लिप-पाथ' नावाचा नवा गुणधर्म आला आणि जुना क्लिप शक्यतो वापरू नका असं सांगितलं गेलं. नव्यामध्ये 'इनसेट' नावाचा आकार आहे. त्यात चारही आकडे आपापल्या कडेपासून आत मोजतात. म्हणजे माझे ५०, ४०, ६०, ३० हे आकडे इनसेटमध्ये बरोबर चालले असते. १९९८ मधली कल्पना वेगळ्या नावानं परत आली म्हणा ना!

क्रम लक्षात कसा ठेवायचा?

आकड्यांचा क्रम ठरलेला आहे : वर, उजवी, खाल, डावी. मुलांना सांगायचं की देवळात प्रदक्षिणा घालतो तसं किंवा घड्याळाचा काटा फिरतो तसं. बाराच्या आकड्यापासून निघायचं आणि तीन, सहा, नऊ असं जायचं. मुलं वर्गाच्या मधोमध उभं राहून हातानं दाखवतात आणि एकदा केलं की विसरत नाहीत.

एकच आयत, तीन प्रकारे

हाच आयत तिसऱ्या पद्धतीनंही सांगता येतो. वरचा-डावा कोपरा कुठे आहे ते सांगा, मग रुंदी आणि उंची सांगा. आपल्या खिडकीसाठी : डावीकडून ३०, वरून ५०, रुंदी ३३०, उंची १९०.

आता फळ्यावर तीन ओळी एकाखाली एक लिहा :

सगळं वरून-डावीकडून : ५०, ३६०, २४०, ३०
आपापल्या कडेपासून : ५०, ४०, ६०, ३०
कोपरा आणि मापं : ३०, ५०, ३३०, १९०

आकडे वेगळे, पण आयत एकच. मुलांना विचारा, "यातली चांगली पद्धत कोणती?" उत्तर असं की काम काय आहे त्यावर ते अवलंबून. क्षेत्रफळ काढायचं असेल तर तिसरी ओळ सोपी, कारण लगेच गुणाकार करता येतो. काठ किती सोडायचा हे सांगायचं असेल तर दुसरी सोपी.

आणि फोटोचा आकार बदलला तर? समजा, फोटो ४०० ऐवजी ५०० रुंद झाला. पहिल्या ओळीतली उजवी बाजू ३६० वरच राहते, म्हणजे आता उजवीकडचे १४० झाकले जातात. दुसऱ्या ओळीत मात्र उजवीकडचे ४०च झाकले जातात आणि खिडकी ४३० रुंद होते. सुरुवातीला सारखे वाटणारे दोन आयत फोटो बदलल्यावर वेगळे झाले. मोबाइल आणि कॉम्प्युटरवर एकच पान वेगवेगळ्या रुंदीत दिसतं, त्यामुळे हा फरक रोजचा आहे.

गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

आता या पाठाचा मला सगळ्यात आवडलेला भाग.

रेक्टमध्ये आकड्याऐवजी 'ऑटो' असा शब्दही लिहिता येतो. ऑटो म्हणजे, "या बाजूला मी काही सांगत नाही, चौकटीची कड जिथे असेल तिथेच ठेव." डाव्या बाजूला ऑटो लिहिलं तर तिथे शून्यच येतो. पण उजव्या बाजूला ऑटो म्हणजे चौकटीची पूर्ण रुंदी. ४०० ची चौकट असेल तर ४०० आणि ५०० ची झाली तर ५००. म्हणजे ऑटो हा आकडा नाहीच. 'आकडा दिलेला नाही' याची ती नोंद आहे.

आता ब्राउझरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये ही गोष्ट साठवायची कशी? चार आकड्यांसाठी चार कप्पे आहेत. कप्प्यात आकडाच मावतो. मग ऑटो कुठे ठेवायचं?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गुणपत्रक भरताना दरवेळी येतो. पाच मुलांचे २० पैकी गुण बघा : १८, १६, २०, गैरहजर, १४. गैरहजर मुलाच्या रकान्यात ० लिहिलं तर सरासरी ६८ ÷ ५ = १३.६ येते. त्याला वगळलं तर ६८ ÷ ४ = १७. केवढा फरक! शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे पेपरच दिला नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच खुणेनं लिहिल्या तर एका मुलावर अन्याय होतो.

फायरफॉक्सच्या जुन्या कोडमध्ये असा मार्ग काढला होता. आयत तिसऱ्या पद्धतीनं, म्हणजे कोपरा, रुंदी आणि उंची असा ठेवायचा. सोबत एक वेगळा खुणांचा कप्पा ठेवायचा : कोणकोणती बाजू ऑटो आहे. उजवी बाजू ऑटो असेल तर रुंदीत शून्य ठेवून चालत नाही, कारण शून्य रुंदीचा आयत म्हणजे रिकामा आयत, आणि मग काहीच दिसायचं नाही. म्हणून तिथे एक प्रचंड मोठा आकडा भरत. खूण बघून समजायचं की हा आकडा खरा नाही.

गुणपत्रकाच्या भाषेत सांगायचं तर गैरहजर मुलाच्या रकान्यात ९९९ लिहायचं आणि शेजारी लाल शाईनं फुली मारायची. फुली बघणाऱ्याला सगळं कळतं. पण कुणी फुली न बघता बेरीज केली तर? ६८ + ९९९ = १०६७, आणि सरासरी २१३.४. तीही २० पैकी! पद्धत चालते, पण प्रत्येकानं दरवेळी फुली आठवणीनं बघायला हवी.

आता दुसरी पद्धत. मोझिला संस्थेनं २०१२ च्या सुमारास सर्वो नावाचं नवं ब्राउझर इंजिन लिहायला घेतलं. त्यासाठी रस्ट नावाची नवी प्रोग्रॅमिंग भाषा वापरली. सर्वोमध्ये कापायच्या आयताच्या चारही बाजू तशाच ठेवल्या : वर, उजवी, खाल, डावी. आणि प्रत्येक कप्पा असा बनवला की त्यात एक तर लांबी असेल, नाहीतर 'नाही' अशी नोंद असेल. वेगळी फुली नाही आणि खोटा मोठा आकडाही नाही. शिवाय रस्ट भाषेची शिस्त अशी की अशा कप्प्यातला आकडा वापरायचा असेल तर आधी 'नसेल तर काय करायचं?' याचं उत्तर द्यावंच लागतं. ते दिल्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही. कडक मुख्याध्यापकच म्हणा! गैरहजर मुलांचं काय केलं ते लिहिल्याशिवाय निकालावर सही नाही.

सर्वोमधला सजावटीचा हिशोब करणारा भाग पुढे फायरफॉक्समध्ये बसवला. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये तो कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यांना मिळाला. योगायोग बघा, तो दिवस बालदिन! त्या वेळी नव्या भागातला आयत जुन्या भागाला समजावा म्हणून चार बाजूंचं रूपांतर रुंदी, उंची आणि खुणा यांत करावं लागायचं. नंतर ती पायरी काढली आणि दोन्हीकडे एकच रूप ठेवलं. भाषांतर जितकं कमी तितक्या चुका कमी.

आणखी एक बारीक मुद्दा. ऑटो दोन जागी येतं. एकेका बाजूला ऑटो लिहिता येतं आणि संपूर्ण क्लिपलाही ऑटो लिहिता येतं. संपूर्ण क्लिप ऑटो म्हणजे खिडकीच नाही, सगळं दिसू दे. चारही बाजूंना ऑटो म्हणजे खिडकी आहे आणि ती चौकटीच्या कडेवर बरोबर बसली आहे. त्यामुळे चौकटीबाहेर पडणारी सावली कापली जाते. परीक्षाच झाली नाही आणि परीक्षेला सगळे गैरहजर राहिले, यांत जो फरक आहे तोच इथे आहे.

साठावा भाग

मोठ्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. फायरफॉक्स एका पिक्सेलचे ६० समान भाग करतो आणि लांबी या बारीक भागांत पूर्णांकानं मोजतो. ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून पिक्सेलचा तिसरा किंवा पाचवा हिस्साही पूर्ण भागांत येतो. घड्याळात तासाची ६० मिनिटं आहेत, तिथेही हीच सोय होते. क्रोम आणि सफारी एका पिक्सेलचे ६४ भाग करतात. ६४ निम्मं निम्मं करत १ पर्यंत येतं, पण त्याला ३ ने भाग जात नाही. विभाज्यता आणि लसावि शिकवताना "हे कुठे लागतं?" असं कुणी विचारलं तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

वर्गात घ्यायची कृती

साहित्य : चौकटीचा कागद, जुन्या लग्नपत्रिका किंवा वहीचे पुठ्ठे, पट्टी, पेन्सिल, कात्री.

१. प्रत्येक गटाला चौकटीच्या कागदावर २० चौकोन रुंद आणि १५ चौकोन उंच अशी चौकट आखायला सांगा. आत मुलं आवडीचं चित्र काढतील. आमच्या वर्गात बऱ्याच जणांच्या घरी चादरीचं काम चालतं, त्यामुळे मी चादरीची नक्षी काढायला सांगितली. जकार्ड मागावर नक्षी विणण्याआधी ती अशीच चौकटीच्या कागदावर मांडतात आणि मग कार्डांना भोकं पाडतात. एका मुलीनं घरून जुनं कार्ड आणून दाखवलं. त्या दिवशी तीच वर्गाची बाई झाली होती!

२. दोन गट करा. दोघांनाही तेच चार आकडे द्या : २, ५, ३, ४. क्रम प्रदक्षिणेचा. पहिल्या गटाला सांगा, "आपापल्या कडेपासून मोजा." दुसऱ्याला हळूच सांगा, "सगळं वरून आणि डावीकडून मोजा." पुठ्ठ्यात खिडकी कापून चित्रावर ठेवायला सांगा.

३. पहिल्या गटाची खिडकी : रुंदी २० − ५ − ४ = ११, उंची १५ − २ − ३ = १०, क्षेत्रफळ ११० चौकोन. दुसऱ्या गटाची खिडकी : रुंदी ५ − ४ = १, उंची ३ − २ = १, क्षेत्रफळ १ चौकोन. आकडे तेच असून एकीकडे ११० आणि दुसरीकडे १! वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्या. "तुमचं चुकलं", "नाही, तुमचं चुकलं" असं चालतं. मग कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही दोघांना वेगळं सांगितलं का?"

४. आता दुसऱ्या गटाला विचारा, "पहिल्या गटासारखीच खिडकी हवी तर आकडे कोणते?" उत्तर : २, १५, १२, ४.

५. कागद उजवीकडे आणखी ५ चौकोनांनी वाढवा. आता दोन खिडक्यांची तुलना करा. वरून-डावीकडून मोजलेली २, २०, १२, ४ ही खिडकी १६ रुंद राहते. २, ऑटो, १२, ४ ही २१ रुंद होते.

६. डोकं चालवायचे प्रश्न : २, ४, ३, ५ दिलं तर काय होईल? उजवी बाजू डाव्या बाजूच्या डावीकडे येते, रुंदी −१, म्हणून काहीच दिसत नाही. आणि आपापल्या कडेपासून ३, १६, १२, ४ दिलं तर? हे मुलांना घरी करायला द्या. उत्तर बघून गंमत वाटेल.

७. शेवटी पुठ्ठा उचलायला लावा आणि विचारा, "झाकलेलं चित्र गेलं का?" मुलं एका सुरात म्हणतात, "नाही!" हेच उत्तर मला त्या संध्याकाळी माहीत असायला हवं होतं.

झाकलं म्हणजे पुसलं नाही

आता फक्त मोठ्यांसाठी. आपण शिक्षक रोज किती याद्या, दाखले, आधार कार्डांचे फोटो हाताळतो! पालकही ग्रुपवर मुलांची प्रमाणपत्रं टाकतात. त्यातला काही भाग आपण 'कापतो' आणि निर्धास्त होतो.

वर्डच्या फाइलमध्ये फोटो टाकून क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहू शकतो. समोरच्यानं ताणला की तो परत येतो. तो खरोखर काढायचा तर चित्र कॉम्प्रेस करताना कापलेले भाग हटवण्याचा पर्याय निवडावा लागतो.

२०२३ च्या मार्च महिन्यात तर आणखी एक प्रकार उघड झाला. गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या फोटोवर खुणा करण्याच्या सोयीत दोष होता. कापलेला छोटा फोटो जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिला जायचा, पण जुन्या फाइलची उरलेली शेपटी काढली जात नव्हती. त्या शेपटीतून कापलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही असाच दोष सापडला. नंतर दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेले फोटो तर गेलेच होते. वहीत मोठं उत्तर होतं, त्याच्या सुरुवातीवर छोटं उत्तर लिहिलं आणि खालच्या जुन्या ओळी खोडायच्या राहिल्या, असाच हा प्रकार.

म्हणून मी स्वतःला घालून घेतलेले नियम :

फोटो काढण्याआधीच नको असलेल्या भागावर कोरा कागद ठेवायचा. जे कॅमेऱ्यात गेलंच नाही ते कुणी परत काढू शकत नाही.
यादी टाकायची असेल तर लागेल तेवढीच नव्यानं लिहायची. मूळ वहीचा फोटो टाकायचा नाही.
टाकल्यावर स्वतः फोटो दाबून धरायचा, नव्या पानात उघडायचा, उतरवून घ्यायचा आणि काय दिसतं ते बघायचं.
मुलांचं नाव, फोटो, नंबर यांसाठी पालकांना आधी विचारायचं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहे. पण कायदा नसता तरी विचारायला हवंच.

याचा अर्थ क्लिप वाईट आहे असा नाही. तिचा एक फार चांगला उपयोगही आहे. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात. तो पानावरचा मजकूर वाचून दाखवतो. काही वेळा डोळस माणसाला नुसतं चित्र पुरतं, पण न दिसणाऱ्याला त्यासोबत शब्द लागतात. तेव्हा ते शब्द पानावर ठेवून त्यांच्यावर अगदी शून्य मापाची खिडकी ठेवतात : ०, ०, ०, ०. डोळ्यांना काही दिसत नाही, पण शब्द जागेवर असल्यामुळे स्क्रीन रीडर ते वाचतो. झाकलेलं पुसलं जात नाही, या एकाच गोष्टीमुळे माझ्या यादीतले नंबर उघडे पडले आणि याच गोष्टीमुळे एखाद्या मुलाला पान ऐकता येतं. साधन एकच आहे. त्यानं नेमकं काय होतं ते माहीत असलं पाहिजे, एवढंच.

फोन करणाऱ्या त्या वडिलांना मी नंतर शाळेत बोलावून आभार मानले. ते जरा संकोचले. म्हणाले, "मॅडम, आमच्या कामात घडी उलगडून बघायची सवय असते. वरून चादर चांगली दिसली तरी आत धागा तुटलेला असतो कधी कधी."

आता पानावर काही टाकण्याआधी मीही घडी उलगडून बघते. ही कृती तुमच्या वर्गात करून बघा. तुमच्या मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा.